जुन्या बेसचा जीर्णोद्धार

इलेक्ट्रिक बेस गिटार म्हणजे एक जाड लाकडी फळी, तिला स्क्रूंनी जोडलेला लांब दांडा, चार जाडजूड तारा आणि तारांखाली बसवलेले चुंबक. वाद्याच्या नावाचा उच्चार मराठीत दोन प्रकारे होतो. वाजवणारे ‘बेस’ म्हणतात, शेजारचे ‘बास’. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर याने १९५१ साली ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला. त्याआधी बँडमधला खर्ज सांभाळायचा तो माणसापेक्षा उंच डबल बेसने. तो गाडीत मावत नसे आणि त्याच्या गुळगुळीत पट्टीवर बोट नेमके कुठे टेकवायचे हा वादक आणि परमेश्वर यांच्यातला प्रश्न असे. फेंडरने पट्टीवर पडदे ठोकून तो प्रश्न सोडवला. फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. वाद्य उघडल्यावर हे लगेच लक्षात येते. आतला कारभार वाद्यापेक्षा रेडिओच्या जवळचा आहे आणि प्रत्येक भाग स्क्रू काढला की सुटा होतो. दुरुस्ती करणाऱ्यांची सोय त्यामुळे झाली. बेसची झाली असे म्हणवत नाही.

बेसची हेळसांड तीन ठिकाणी होते. तो पलंगाखाली जातो, माळ्यावर जातो किंवा मेव्हण्याकडे जातो. पलंगाखाली आणि माळ्यावर त्याला धूळ आणि दमट हवा भेटते. मेव्हण्याकडे स्क्रू ड्रायव्हर भेटतो. जुन्या वाद्यांची पारख असणारे म्हणूनच ‘पन्नास वर्षे कुणी हात लावलेला नाही’ हे वाक्य ऐकून खुलतात आणि ‘मध्ये एकदा थोडेसे काम करून घेतले होते’ हे ऐकून खुर्ची शोधतात. पॉल मॅकार्टनीने १९६१ साली हँबुर्गमध्ये सुमारे तीस पौंडांना घेतलेला व्हायोलिनच्या आकाराचा हॉफ्नर बेस १९७२ च्या ऑक्टोबरात लंडनमधल्या एका व्हॅनमधून चोरीला गेला. २०२४ साली तो परत मिळाल्याचे जाहीर झाले तेव्हा कळले, की स्वारी एका घराच्या माळ्यावर पडून होती, तीही स्वतःच्या मूळ पेटीत. थोडी डागडुजी झाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात मॅकार्टनीने तो लंडनच्या मंचावर वाजवला. ज्यांच्या हाती तो पडला त्यांना सुतारकामाची हौस नव्हती, हे वाद्याचे नशीब.

हौशी लोकांच्या कामाचा सुवर्णकाळ म्हणजे सत्तरचे दशक. मूळ रंग खरवडून लाकूड उघडे करण्याची तेव्हा फॅशन होती. त्याच भरात फळीला भोके पाडून आणखी एक पिकअप, म्हणजे तारांखालचे चुंबक, बसवणे, पितळी घोडी लावणे, एखादा स्विच टाकणे हेही होऊन जाई. अशा बेसचे पोट उघडले तर आत तीन पिढ्यांच्या तारा दिसतात आणि त्यातल्या एका पिढीने डाखाऐवजी चिकटपट्टीवर भागवलेले असते. बेसवादक जॅको पास्टोरियसचे उदाहरण इथे हमखास दिले जाते. त्याने १९६२ च्या फेंडर ‘जॅझ बेस’चे पडदे उपटले, खाचा बुजवल्या, वर बोटींना लावायच्या इपॉक्सीचा थर दिला आणि त्यावर असा काही वाजवला की जगभरच्या बेसवाल्यांची झोप उडाली. या उदाहरणावरून स्फूर्ती घेऊन किती बेसचे पडदे उपटले गेले, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. त्यांतून दुसरा जॅको निघाला नाही, एवढे खरे.

जीर्णोद्धाराची पहिली पायरी म्हणजे काहीही न करणे. वाद्य टेबलावर आडवे ठेवून, हात पाठीमागे बांधून बघायचे. जुन्या फेंडरच्या घोडीवर क्रोमचे एक झाकण असे. आतल्या बाजूला फोमची पट्टी चिकटवलेली. ती तारांना दाबून धरी आणि आवाज डबल बेससारखा ठुसका येई. वादकांनी हे झाकण काढून त्याचा जो उपयोग केला त्यावरून त्याला ‘ॲशट्रे’ हेच नाव पडले. त्यामुळे मूळ झाकणासह मिळालेला बेस बहुधा निर्व्यसनी घरातला समजावा. फोमचे मात्र एव्हाना काळ्या चिकीत रूपांतर झालेले असते आणि ती खरवडून काढताना जुन्या उशीचा वास येतो.

मग वय ठरवायचे. हा भाग रंजक आहे, कारण इथे पैसा गुंतलेला आहे. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या प्रसारण कंपनीने फेंडर कंपनी एक कोटी तीस लाख डॉलरना घेतली आणि त्याच्या आधीचा माल तो खरा, हा समज तेव्हापासून बाजारात पक्का बसला. साहजिकच प्रत्येक मालकाला आपला बेस १९६४ चा वाटतो. दांडा सोडवला तर त्याच्या टाचेवर पेन्सिलने किंवा शिक्क्याने तारीख सापडते. आवाज कमी-जास्त करणाऱ्या पॉटच्या पाठीवरही आकडे असतात. १३७६६२३ असे असेल तर १३७ हा पॉट बनवणाऱ्याचा संकेत, ६६ हे साल आणि २३ हा त्या सालातला आठवडा. अडचण अशी, की फेंडरने १९६६ मध्ये पॉटचा एवढा साठा करून ठेवला की पुढची काही वर्षे तेच पॉट वापरले गेले. मराठी शाळांत नाव घालताना मास्तरांनी अर्ध्या वर्गाची जन्मतारीख १ जून लिहिली, त्यातलाच हा प्रकार. पॉटच्या तारखेपेक्षा वाद्य जुने असू शकत नाही, लहान मात्र असू शकते.

दांडा हा या वाद्याचा कणा, आणि कण्याचे सगळे विकार त्याला होतात. चार तारा सुरात लावल्या की त्यांचा एकूण ताण साधारण ७५ किलोच्या घरात जातो. म्हणजे एक खातापिता गृहस्थ दांड्याच्या टोकाला रात्रंदिवस लोंबकळत आहे, आणि त्याला उतरवायचे कुणी पन्नास वर्षांत मनावर घेतलेले नाही. दांड्याला पोक येते ते यामुळे. त्यावर उपाय म्हणून आत एक पोलादी सळई असते; तिच्या टोकाचा नट आवळला की दांडा मागे झुकतो. दांडा अगदी सरळही चालत नाही. जाड तारेला थरथरायला जागा लागते, म्हणून मधोमध पाव ते अर्ध्या मिलिमीटरचा बाक ठेवायचा. जुन्या फेंडरमध्ये हा नट दांड्याच्या टाचेशी, फळीच्या आत दडलेला असतो. म्हणून तारा सैल करायच्या, चार स्क्रू काढायचे, दांडा बाहेर घ्यायचा, नट पाव फेरा फिरवायचा, दांडा परत बसवायचा, तारा सुरात आणायच्या, एक डोळा मिटून सुतारासारखे दांड्यावरून बघायचे आणि पाव फेरा कमी पडला हे जाणून पुन्हा तारा सैल करायच्या. घाईने एकदम पूर्ण फेरा देणाऱ्याला एक बारीक ‘कट्’ असा आवाज ऐकू येतो. तो आवाज सळईचा असतो आणि त्यानंतर खोलीत बराच वेळ शांतता असते.

स्क्रू गंजून बसले असतील तर त्यांच्या डोक्यावर तापलेली सोल्डरिंग गन थोडा वेळ टेकवतात. उष्णतेने पकड सुटते. भोक ढिले झाले असेल तर फेव्हिकॉलमध्ये बुडवलेली आगपेटीची काडी भोकात घालून, सुकल्यावर जादा टोक कापून, स्क्रू नव्याने पिळतात. गुल मात्र आधी मोडून टाकायचा. हे सांगावे लागते. काळपट पट्टी असलेल्या बेसवर लाकूड शिसवाचे असते. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत फेंडर ते ब्राझीलमधून आणी, पुढे भारतातून. सह्याद्रीतही उगवणारे, आजोळच्या कपाटाचे तेच लाकूड सातासमुद्रापार जाऊन रॉक अँड रोल वाजवते. या नात्याला भुलून काही जण पट्टीला खोबरेल लावतात. ते थंडीत थिजते, पुढे खवट होते, आणि बेसला देवघरातल्या समईचा वास येतो.

दांडा ताळ्यावर आला की पडद्यांकडे वळायचे. कोणता पडदा उंच राहिला हे शोधण्यासाठी सगळ्यांच्या माथ्यावर मार्करची शाई लावतात, पट्टीला चिकटपट्टीने झाकतात आणि सपाट कानस लांबीच्या दिशेने हलकेच फिरवतात. शाई जिथे पुसली गेली तो उंच, जिथे राहिली तो खोलगट. उंच पडद्याला तार घासली की करकर येते. मिरजेत मात्र याच घासण्याचे पैसे मिळतात. तिथले कारागीर तंबोऱ्याच्या घोडीचा माथा इतका हिशेबाने घासतात की तार प्रत्येक कंपनाला त्याला चाटून जावी. मग वादक खाली सुताचा धागा सरकवत सरकवत झंकार उघडतो. या करामतीला जवारी म्हणतात, आणि ती साधली की ऐकणारे मान डोलावतात. तीच जवारी बेसवर आपोआप लागली की मालक तक्रार घेऊन येतो. यात भौतिकशास्त्राचा काही दोष नाही.

विजेच्या भागातले बहुतेक रोग खर्चाने किरकोळ आणि शोधायला महाग असतात. आवाज मधूनच जाणे हा बहुधा जॅकचा दोष. त्याचा नट ढिला होतो, जॅक गोल फिरतो, मागची तार पिळून तुटते. पॉट फिरवताना जुन्या रेडिओसारखी खरखर आली तर काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून तो वीस-तीस वेळा इकडून तिकडे फिरवायचा; पुष्कळदा तेवढ्याने भागते. एकसारखी गुणगुण येत असेल, तारांना हात लावून ती कमी होत नसेल आणि जॅकच्या धातूला बोट लावताच गप्प होत असेल, तर घोडीखालची अर्थिंगची तार तुटलेली आहे. खरा घोर पिकअपचा. त्यात केसासारखी तांब्याची तार चुंबकांभोवती हजारो वेढे घेऊन बसलेली असते. १९५७ पासूनच्या प्रिसिजन बेसमध्ये पिकअपचे दोन तुकडे एकामागोमाग एक जोडलेले असतात, एक तुकडा दोन तारांसाठी. मल्टिमीटरने दहा-बारा हजार ओहम दाखवले तर सुटकेचा श्वास टाकावा. आकडाच आला नाही तर कुठेतरी घामाने किंवा ओलीने तार खाल्ली आहे, आणि एका तुकड्यातली तार तुटली की दुसराही काम थांबवतो. एकत्र कुटुंबात एकाने अंथरूण धरले की दुसराही दुकान उघडत नाही, तसे. यावर उपाय एकच, नवे वेढे. ते ज्याला जमते त्याच्याकडे पाठवावे.

तारांच्या बाबतीत दोन पंथ आहेत. गोल गुंडाळीच्या तारांचा आवाज नव्या स्टीलच्या भांड्यासारखा खणखणीत, आणि तो काही आठवड्यांत घामाने मरतो. बेसच्या तारा स्वस्त नसल्यामुळे काही वादक त्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटे टाकून, पुसून, पुन्हा चढवतात. मळ सुटतो आणि थोडे दिवस खणखणाट परत येतो. पातेले घरातले असेल तर त्याचे पुढे काय करायचे, यावर त्या पंथात मौन आहे. सपाट गुंडाळीच्या तारांचा पंथ उलटा. डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीच्या कितीतरी गाजलेल्या गाण्यांत बेस वाजवणारा जेम्स जेमर्सन तार तुटल्याशिवाय बदलत नसे; आवाजातली मजा त्या मळातच आहे, असे त्याचे मत. तो वाजवीही एकाच बोटाने. १९८३ मध्ये तो गेला. त्याआधी थोडे दिवस त्याचा तो बेस चोरीला गेला होता.

रंगाबद्दल एवढेच, की त्याला हात लावू नये. पुन्हा रंगवलेल्या जुन्या बेसची किंमत निम्म्यावर येते असा बाजाराचा ठोकताळा आहे. शिवाय १९९५ पासून फेंडरच नव्या गिटारींना मुद्दाम ओरखडे पाडून, गंज चढवून त्या जास्त भावाने विकते. ओले फडके फिरवावे, कोरडे फडके फिरवावे आणि थांबावे.

शेवटी सगळे जुळवून ॲम्प्लिफायर लावतात. सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला सुमारे ४१ कंपने होतात आणि ती कानाआधी पायांना समजतात. बहुतेक वेळा चारही तारा ठणठणीत वाजतात आणि एकच सूर, बहुधा जाड तारेवरचा तिसऱ्या पडद्याचा, करकरतो. दुरुस्तीकार तो पडदा पुन्हा घासतो. दांडा पुन्हा काढतो, नट पुन्हा फिरवतो. घोडीचे स्क्रू तपासतो, पिकअप खाली करतो, खुंट्यांच्या वायसर आवळतो. दोन तासांनी घरातले कुणीतरी चहाचा कप ठेवायला येते आणि जाता जाता शोकेसच्या सरकत्या काचेवर हात ठेवते. करकर थांबते. काचेच्या खाचेत दुमडलेला पोस्टकार्डाचा तुकडा खोचला की काम पूर्ण होते.