ढग पलीकडच्या तालुक्यात

पावसाळी फोटो काढायचे म्हटलं की लोक महाबळेश्वराचं नाव घेतात. तिथे वर्षाला साधारण 6000 मिलिमीटर पाऊस पडतो हे खरं. पण जुलैत तिथून दिसतं ते फक्त धुकं, आणि त्या धुक्यातून येतो मक्याची कणसं विकणाऱ्याचा आवाज. आभाळ बघायचं तर पूर्वेला उतरावं. माण, खटाव, आटपाडी, जत. सह्याद्रीने पाऊस पश्चिमेलाच अडवून धरल्यामुळे ज्यांच्या वाट्याला जेमतेम 500 मिलिमीटर येतात, त्यांनाच दिगंतापर्यंत मोकळं आभाळ मिळालं आहे. वाटणी अगदी भाऊबंदकीतली.

आमच्या छंदाचा हंगाम एप्रिल-मे, म्हणजे वळवाचा. मग परतीच्या पावसात थोडंफार. मधल्या संततधारेचं आभाळ ओल्या गोणपाटासारखं सपाट. त्यात कॅमेरा बाहेर काढावासा वाटत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णेने 57 फुटांची पातळी गाठली, ती अशाच झडीच्या पाण्याने. त्यामुळे नाटक करणारे ढग वेगळे आणि संसार बुडवणारे वेगळे, अशी आम्ही सोयीस्कर समजूत करून घेतली आहे.

वळवाचा ढग सकाळी कुठेच नसतो. जमीन तापते, हवा वर चढते, तिच्यातल्या बाष्पाचे थेंब होतात आणि तसं होताना सुटलेली उष्णता तिला आणखी वर ढकलते. चार वाजेपर्यंत दहा-बारा किलोमीटर उंच गेलेला ढग वर जागा संपल्यावर आडवा पसरतो, त्याची ऐरण होते. इतकी उंच वस्तू फार लांबून दिसते, आणि इथेच घोळ आहे. अजिंक्यताऱ्यावरून तो रहिमतपुरावर वाटतो, रहिमतपुरातून पुसेसावळीवर. विट्याला पोचावं तर चहावाला म्हणतो, "आत्ताच झाला की!" चांगला ढग नेहमी पलीकडच्या तालुक्यात असतो.

विजेचं गणित सोपं आहे. लखलखाट आणि गडगडाट यांत तीन सेकंद गेले की एक किलोमीटर अंतर धरायचं. पण गडगडाट ऐकू आला म्हणजे आपण तिच्या टप्प्यात आलोच, तेव्हा मोजत बसू नये. फोटोला उत्तम जागा म्हणजे उघडा माळ, आणि विजेलाही तीच पसंत. त्यात ट्रायपॉड उभा करणं म्हणजे तिला आवतण धाडणं. मी आता गाडीत बसून, काचा वर करून फोटो काढतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप फोनवर असतंच. घरच्यांच्या लेखी या सगळ्या विद्येचा उपयोग एकच: गच्चीवरच्या कुरडया कधी उचलायच्या.

तासगाव-कवठेमहांकाळच्या वाटेवर मात्र आमची समजूत टिकत नाही. तिथे एप्रिलमध्ये शेडच्या जाळ्यांवर बेदाणा वाळत असतो. द्राक्षं अर्धवट सुकलेली असताना वळीव आत शिरला की माल काळा पडतो आणि भाव बसतो. तिथली माणसंही दुपारभर माझ्यासारखीच मान वर करून असतात, फक्त त्यांना त्या ढगाची ऐरण व्हायला नको असते. एकदा असाच काळाकभिन्न ढग धुळीचा लोट पुढे घालून आला. मी वाऱ्याच्या आधी दोन फोटो साधले, तोच शेडमधून हाक आली, "पाव्हणं, झालं आसंल तर कागदाचं टोक धरा जरा!"

धरलं. वारा तो प्लॅस्टिकचा कागद माझ्यासकट नेऊ बघत होता. पाऊस थांबल्यावर मालकांनी विचारलं, "फोटू काढलाय न्हवं? द्या पाठवून, पंचनाम्याला व्हईल."

मी स्क्रीन पुढे केली. खाली जांभळा माळ, वर ढगाची सोनेरी कड, हंगामातला माझा सर्वांत देखणा फोटो. त्यांनी तो बोटांनी मोठा केला, लहान केला, आणि फोन परत दिला.

"ह्यो नको. तलाठी म्हणंल, झ्याक हवा हुती की!"