जमवलेला कॉम्प्युटर

आमच्या पेठेतले काका कॉम्प्युटर 'घेतला' म्हणत नाहीत, 'जमवला' म्हणतात. 2017 साली लॅमिंग्टन रोडवर दिवसभर घासाघीस करून प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम असं एकेक जमवलं आणि कॅबिनेट मांडीवर घेऊन डेक्कन क्वीननं पुण्याला आणलं. रेडिमेड पीसीवाल्यांना ते पुरणपोळी विकत आणणाऱ्यांच्या पंगतीत बसवतात.

14 ऑक्टोबर 2025ला विंडोज 10चा सपोर्ट संपला आणि काकांच्या अंगात वारं शिरलं. अकरा चढवायचं! कॅबिनेट बाल्कनीत आलं. झाकण काढायचा प्रश्न नव्हता, ते पहिल्या दिवसापासून कपाटामागंच आहे. रंगाच्या ब्रशनं धूळ झाडली. हीटसिंक उचलून वाळकी थर्मल पेस्ट पुसली, नवी वाटाण्याएवढी घातली. घड्याळ सारखं मागे जायचं म्हणून बोर्डावरचा सेलही बदलला. बॅकअप तीन पेनड्राइव्हवर, त्यातला एक देव्हाऱ्यात.

मग बायोस अपडेट. मध्येच वीज गेली तर बोर्ड कामातून जातो, म्हणून वीज जाण्याचा वार गुरुवार वर्ज्य, यूपीएस सज्ज आणि घरात मिक्सरबंदी.

"अहो, चटणी वाटायचीय."

"अगं, बायोस लिहितंय ते! पाटा काढ."

अकराला टीपीएम 2.0 लागतं. ते बोर्डात होतंच, पण 'पीटीटी' असं नाव घेऊन दडलेलं. काकांनी शोधून चालू केलं. डिस्क एमबीआरची जीपीटी केली, सिक्युअर बूट लावलं आणि तपासणी चालवली. सगळीकडे हिरवी खूण, प्रोसेसरपुढे लाल फुली! यांचा सातव्या पिढीचा आय-फाइव्ह. अकराला चालणाऱ्या प्रोसेसरची यादी, एखाददुसरा अपवाद सोडला, तर आठवीपासून सुरू. यादी आधी बघितली असती तर दोन मिनिटांत निकाल लागला असता. पण मग बायोस कुणी उघडलं असतं?

भाचा म्हणाला, रजिस्ट्रीत एक नोंद केली की जुन्यावरही चढतं. काका दुखावले. "मागच्या दारानं? आपल्या घरात?"

सरळ मार्ग असा: आठव्या पिढीच्याही सॉकेटचं नाव एलजीए 1151च, तरी तो प्रोसेसर या बोर्डावर चालत नाही. म्हणजे बोर्ड नवा. बोर्ड घ्यायचाच तर आजचा, म्हणजे प्रोसेसरही आजचा, म्हणजे रॅम डीडीआर 5. काकांनी यादी करायला घेतली. चेहऱ्यावर लॅमिंग्टन रोडचं तेज.

काकूंनी डोकावून बघितलं. "म्हणजे नवाच कॉम्प्युटर की!"

"नवा कसला? कॅबिनेट तेच आहे ना!"