दुःखी गिटारवाला आणि खो-खोवाली

पुण्यातल्या कुठल्याही कॉलेजात जा, पायऱ्यांवर गिटार घेऊन बसलेला एक मुलगा दिसणारच. काळा टी-शर्ट, डोळ्यांवर केस आणि चेहऱ्यावर नुकतंच कुणीतरी गेल्याची कळा. प्रत्यक्षात कुणी गेलेलं नसतं. वडील बँकेत आहेत, आई डब्यात आवडीची बटाट्याची भाजी देते, गिटारच्या तारा ताई स्वतःच्या पगारातून आणते. एवढं सगळं सुरळीत असताना दुःखी राहणं हे कष्टाचं काम, पण तो ते निष्ठेनं करतो.

त्याचं दुःख रात्री अकराला सुरू होतं. त्याआधी घरचे जागे असतात आणि 'जरा दही घेऊन ये' म्हणतात, त्यामुळे एकाग्रता साधत नाही. अकरानंतर तो ई मायनर छेडतो. सगळी गाणी ई मायनरमध्येच, कारण तो कॉर्ड दोन बोटांत वाजतो. एफ वाजवायचा तर पहिल्या बोटानं सहाच्या सहा तारा दाबाव्या लागतात आणि बोट दुखतं. वेदना त्याला प्रिय आहेत, पण मनाच्या. बोटांच्या नव्हेत.

परीक्षेआधी कमी हजेरीवाल्यांची यादी लागते, तेव्हा ऑफिसच्या खिडकीपुढे दोनच जमाती उभ्या असतात : फिरोदिया करंडकाच्या तालमी करणारे आणि मैदानावरचे. तिथं त्याला ती भेटते. विद्यापीठाच्या संघातून खो-खो खेळणारी, गुडघ्याला पट्टी, खांद्याला किटबॅग, हातात उकडलेलं अंडं. "पेन आहे का रे?" एवढंच ती विचारते. त्या रात्री गाणं तयार होतं. त्यात पेन नसतं. समुद्र, धुकं आणि राख असते.

दुसऱ्या भेटीत ती विचारते, "प्रियांका इंगळे माहितीये ना?"

"कुठल्या बँडमध्ये आहे?"

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, अंतिम सामन्यात आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं आणि त्यांची कर्णधार आपल्या महाराष्ट्राची प्रियांका होती, हे ती त्याला समजावून सांगते. तो खिन्नपणे मान हलवतो. "यश माणसाला एकटं पाडतं."

"सांघिक खेळ आहे रे. एकटं पडायला वेळ कुठाय?"

मग तो मैदानाच्या कडेला येऊन बसू लागतो. आठ जणी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेल्या, नववी पाठलागावर. नऊ मिनिटांची पाळी. तेवढ्यात याची गिटारसुद्धा ट्यून होत नाही. ती सूर मारून गडी बाद करते. याच्या सुरानं आजवर फक्त शेजारी बाद झालेत. पण त्याला खरी अडचण येते ती नियमांची. पाठलाग करणारीनं एकदा दिशा घेतली की खांब गाठेपर्यंत मागे फिरायचं नाही. याची तर सगळी कला मागे फिरण्यावर उभी. सातवीच्या शिकवणीतल्या मुलीवर अजून दोन कडवी बाकी आहेत.

दुसरा नियम त्याहून कठीण. पाठीला हात लावून 'खो' मोठ्यानं म्हणावाच लागतो, नाहीतर फाऊल. हा मात्र 'काही गोष्टी शब्दांत मावत नाहीत' यावर सहा महिने काढतो. शेवटी एका संध्याकाळी बुटाची नाडी बांधता बांधता तीच म्हणते, "काय ते मोठ्यानं बोल. मनातल्या मनात दिलेला खो पंच धरत नाहीत."

तो बोलतो. ती म्हणते, "बरं. उद्या साडेपाचला मैदानावर ये. सकाळी."

इथून कलेचा ऱ्हास सुरू होतो. ती साडेनऊला झोपते, त्यामुळे मध्यरात्री पाठवलेल्या गाण्यावरची खूण पहाटेपर्यंत निळी होत नाही. श्रोताच नसेल तर जागून कुणासाठी झुरायचं? तोही लवकर झोपू लागतो. मैदानाच्या दोन फेऱ्या मारून धापा टाकतो, मग नाष्ट्याला चार अंडी खातो. तोंडावर तजेला येतो. बँडमधली मुलं काळजीत पडतात. "भावा, तू हसतोयस."

"रोज किती वेळ वाजवतोस?" ती विचारते.

"मूड असेल तसं."

ती सोललेली कोपरं पुढे करते. "मूड नसताना झालंय हे."

त्या दिवसापासून तो रोज सकाळी तासभर एफ दाबतो. महिन्याभरात एफ स्वच्छ वाजतो आणि त्याला नवंच दुःख होतं : लिहायला दुःख उरलं नाही. त्यावरही गाणं होतं. ती स्टॉपवॉच लावून ते ऐकते. "पाच मिनिटं वीस सेकंद. लांबतंय. साडेतीनमध्ये बसव."

ते साडेतीनमध्ये बसतं आणि पहिल्यांदाच लोक ते शेवटपर्यंत ऐकतात.

आपल्याकडे पहाटेचा रियाज ही गवयांची मिरास होती. ती आता मैदानावरच्या मुलींकडे गेली आहे आणि गाणाऱ्यांकडे उरलाय नुसता मूड. तेव्हा अशा मुलाच्या आईवडिलांनो, गिटार काढून घेऊ नका, कारण त्यानं दुःखाला आयतंच कारण मिळेल. पहाटे पाचचा गजर लावा, अंडी आणून ठेवा आणि जवळपास खो-खोचं मैदान कुठं आहे ते बघून ठेवा. मुलीच्या आईवडिलांना सांगण्यासारखं काही नाही. आम्ही सांगेपर्यंत ती सराव उरकून घरी आलेली असते.