पानठेल्यावरील तंत्रचर्चा : स्वरूप, सहभागी व मर्यादा

तंत्रज्ञान, व्हिडिओ गेम आणि सिनेमा-सेलिब्रिटींच्या बातम्या यांविषयी, त्यांपैकी काहीही विकत न घेता केलेल्या सायंकालीन ऊहापोहास तंत्रचर्चा म्हणतात. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत ती बारमाही आढळते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की ती दोन तास उशिरा सुरू होते, एवढाच ऋतुमानाचा परिणाम. तिच्या कालमापनाचे एकक खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून होईपर्यंत जेवढे बोलून होते, तेवढा एक मुद्दा. घोटणाऱ्याचा हात मंद असेल तर मुद्दा सखोल होतो.

चर्चेस किमान चार जण लागतात. पहिला बातमीदार. कोणता फोन येणार, कोणता नट कोणत्या सिनेमातून बाहेर पडला, हे त्याला त्या नटाच्या आधी कळते. बातमी कुठली असे विचारल्यास तो "कन्फर्म हाय ना बे" एवढाच पुरावा देतो. दुसरा मालक. चांगला फोन फक्त त्याच्याकडे असतो. तो स्वतः क्वचित बोलतो, त्याचे हॉटस्पॉट मात्र अखंड चालू असते. तिसरा विरोधक. "त्याच्यात का हाय एवढं?" हे त्याचे भरतवाक्य तो नांदीलाच म्हणतो. चौथा जाणकार, आणि प्रस्तुत नोंद लिहिणारा इसम याच वर्गात मोडतो. जाणकार वयाने बाकीच्यांहून बराच मोठा असतो. लहानपणी टीव्हीला जोडायच्या कॅसेटवर तो मारिओ आणि कॉन्ट्रा खेळलेला असतो आणि तेवढ्या पुण्याईवर आजच्या ग्राफिक्स कार्डांबद्दल निकाल देण्याचा अधिकार सांगतो. "मूळ कल्पना जुनीच आहे" आणि "जपानात हे कधीच होऊन गेलं" ही त्याची ठरलेली वाक्ये. पोट्टे त्याला 'सर' म्हणतात. हा आदर आहे असे जाणकाराचे मत आहे. अन्य मतेही प्रचलित आहेत.

इतिहासाचे चार कालखंड पडतात. कॅसेटयुग हा पहिला. '९९९९९९ इन १' असे छापलेल्या त्या पिवळ्या किंवा काळ्या कॅसेटमध्ये मोजून काढले तर काही डझन खेळ निघत. उरलेले सगळे त्यांचेच पुनर्जन्म. कॉन्ट्रा सुरू होण्याआधी वर, वर, खाली, खाली, डावी, उजवी, डावी, उजवी, मग बी आणि ए दाबले की तीस जीव मिळत. गणपतीची आरती म्हणताना तिसऱ्या कडव्याला नुसते ओठ हलवणाऱ्या जाणकाराला हा क्रम मात्र आजही मुखोद्गत आहे. कोणी विचारले नसतानाही तो म्हणून दाखवतो.

दुसरे सायबर कॅफेचे युग. तासाच्या भाड्यात रोड रॅश आणि व्हाइस सिटी. २००२ सालच्या व्हाइस सिटीत समुद्रकिनाऱ्याने मोटारसायकल पळवत ज्यांनी अख्खी दुपार घालवली, त्यांतल्या बहुतेकांनी खरा समुद्र तोवर पाहिलेला नव्हता. चंद्रपुराहून तो दोन्ही दिशांना लांबच.

तिसरे युग ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओने आणले, आणि २०१८ मध्ये पब्जी मोबाइलवर आल्यावर ते फळाला आले. या काळात तरुणांचे भूगोलाचे ज्ञान थक्क करण्याइतके वाढले. पोचिंकी कुठे, जॉर्जोपोलला कुठून उतरायचे, लष्करी तळाकडे जाणारे पूल कोणते, हे सगळे तोंडपाठ. पोंभुर्ण्याला कोणत्या रस्त्याने जायचे हे मात्र नकाशात पाहावे लागे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पब्जीवर बंदी घातली. २ जुलै २०२१ रोजी तो बीजीएमआय या नावाने परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा गेला, मे २०२३ मध्ये पुन्हा आला. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये लागून २०२१ मध्ये उठली. त्यामुळे बंदी म्हणजे काय, ती असताना वस्तू कुठे मिळते आणि उठल्यावर कोणाचा हिरमोड होतो, याची समज इथल्या चर्चेत इतर जिल्ह्यांपेक्षा प्रगल्भ आढळते.

याच युगात विजेचा प्रश्न चर्चेच्या कक्षेत आला. चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॉट क्षमतेचे आहे. शेवटच्या वर्तुळात शेवटचे दोघे उरले असताना त्याच चंद्रपुरात लाईन जाते, वायफाय बंद पडते, आणि पोट्टा हातातला निर्जीव खेळ घेऊन खिडकीतून चिमण्यांकडे बघत बसतो. धूर इकडे, उजेड तिकडे, या विषयावर विरोधक आणि बातमीदार यांचे एकमत होते. असे दुसऱ्या कोणत्याही विषयावर होत नाही.

चौथे म्हणजे चालू युग. ते प्रतीक्षेचे आहे. जीटीएचा पाचवा भाग १७ सप्टेंबर २०१३ रोजी आला. सहाव्याचा पहिला ट्रेलर डिसेंबर २०२३ मध्ये आला; त्यानंतर आधी २०२५ हे साल, मग २६ मे २०२६, मग १९ नोव्हेंबर २०२६ अशा तारखा जाहीर झाल्या. ज्या दोन यंत्रांवर तो खेळ चालणार असे कंपनीने सांगितले, त्यांपैकी एकही ठेल्यावरील कोणाच्या घरी नाही. यामुळे चर्चेची धार कमी होत नाही. उलट वस्तू हाती येण्याचा धोका नसल्याने मते निर्भीड राहतात. ट्रेलरमध्ये एक मगर दुकानात शिरते, ते दाखवायला बातमीदाराने फोन सर्वांपुढे फिरवला, तेव्हा विरोधक म्हणाला, "मंग? आपल्या इकडं बिबट्या आंगनात येऊन बसते. त्याचा कोनी ट्रेलर काढला का बे?" सहावा भाग आधी येतो की वडसा-गडचिरोली रेल्वे, अशीही एक पैज लागली होती. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला, आणि तेव्हापासून जिल्ह्यात गाडी पकडायची म्हणजे वडसा गाठायचे. तिथून मुख्यालयापर्यंतचा सुमारे ५२ किलोमीटरचा मार्ग मंजूर होऊनही दहा वर्षे उलटली. जाणकाराने पैशांची पैज खेळाच्या बाजूने लावली आणि अश्रू रेल्वेसाठी राखून ठेवले.

सिनेमा व मनोरंजन हा उपविभाग दिवाळीपर्यंत मुंबई आणि हैदराबादेकडे झुकलेला असतो. पुढे झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम उभा राहतो, वडशाच्या नाटक मंडळ्यांची पोस्टरे लागतात आणि मोठमोठ्या नटांना ठेल्यावर कोणी विचारत नाही. वेबमालिकेचा अख्खा हंगाम एका बैठकीत पाहिल्याचे कोणी कौतुकाने सांगू लागले की जाणकार त्याला थांबवतो. रात्री दहाला पडदा उघडायचा, घोंगडीत बसून पहाटेपर्यंत नाटक पाहायचे, हे झाडीपट्टीने कधीपासून चालवले आहे. या रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा ठेल्यावर बातमी सर्वांत उशिरा बातमीदारालाच कळली.

वाघ हा विषय वरीलपैकी कोणत्याच वर्गात बसत नाही आणि सगळ्यांत शिरतो, म्हणून त्याचा विचार जरा विस्ताराने करणे भाग आहे. ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प, आणि मोबाइलला बरा कॅमेरा आल्यावर सिनेसृष्टी. वाघडोह, माया, मटकासुर, छोटा मटका ही नावे ठेल्यावर कोणत्याही नटापेक्षा जास्त वेळा घेतली जातात. वाघांना चाहते आहेत, चाहत्यांत तट आहेत, आणि कोणी कोणाच्या हद्दीत पाऊल टाकले यावर क्रिकेटच्या तिसऱ्या पंचालाही लाजवणारे निवाडे होतात. मे २०२२ मध्ये म्हातारा वाघडोह गेला, तेव्हा लोकांनी प्रोफाइलला त्याचे फोटो लावले. २०२३ च्या पावसाळ्यात माया दिसेनाशी झाली, तेव्हा ती कुठे गेली असेल यावर ठेल्यावर जितके तर्क लढवले गेले, तितके एकाही मालिकेच्या शेवटावर लढवले गेले नाहीत. वाघीण आजारी आहे, वाघीण रुसली आहे, वाघीण तेलंगणात गेली आहे. जाणकाराने या काळात वंशावळीचा अभ्यास केला. कोणाची आई कोण, बाप कोण, आजी कोणत्या तळ्यावर बसायची, हे तो न अडखळता सांगतो. स्वतःच्या आजीचे माहेरचे आडनाव त्याला फोन करून विचारावे लागते.

सफारीला मात्र चौघांपैकी कोणी गेलेले नाही. जिप्सीचे भाडे आणि गेटचे पैसे ऐकून विरोधक दर वेळी एकच सांगतो, की मूलच्या रस्त्याने रात्री गाडी काढ, फुकटात दिसते. दिसतेही. पाहुणे लांबून येऊन, पैसे भरून, वाघ दिसावा म्हणून देवाला हात जोडतात. इथला माणूस दिसू नये म्हणून जोडतो.

फेब्रुवारी २०२२ मध्ये चंद्रपूरच्या त्याच औष्णिक वीज केंद्राच्या आवारात, पाळी संपवून घरी निघालेल्या एका कंत्राटी कामगाराला वाघाने मारले. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी गेल्या. त्या आठवड्यात ताडोबाचे रील फिरत होतेच. त्याखाली दूरच्या शहरांतील माणसांनी 'राजा', 'काय रुबाब' असे लिहिलेले होते, आणि कोणी तरी असेही लिहिले होते की माणसांनी जंगलात जाऊच नये. तेंदूपत्त्याचा हंगाम उन्हाळ्यातल्या मोजक्या दिवसांचा असतो आणि त्या पैशांतून पुढचे बियाणे, वह्या-पुस्तके, दवाखाना निघतो, हे त्याला कोणी सांगायचे? बातमीदाराची आई दर वर्षी जाते. वाघाची चौथी पिढी नावानिशी ठाऊक असलेल्या त्या ठेल्यावर सिंदेवाहीच्या तिघींची नावे कोणालाच सांगता आली नाहीत, जाणकाराला तर नाहीच.

या प्रश्नावर तंत्रज्ञानाने उत्तर शोधले आहे. ताडोबाच्या बफरमधील सीतारामपेठ येथे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे कॅमेरे बसवले गेले. गावाकडे वाघ सरकला की ते त्याला ओळखतात आणि सूचना पाठवतात. मालकाने याचा व्हिडिओ दाखवला. जाणकाराने जपानचा उल्लेख केला. विरोधकाने सगळे पाहून घेतले आणि विचारले, "अन् रेंज नसली त?" ठेल्यावर आजवर विचारल्या गेलेल्या प्रश्नांत हाच एक तांत्रिक म्हणावा असा होता. त्यावर खर्रा घोटून झाला तरी मुद्दा झाला नाही.

वाघाचे प्रकरण लांबले. अन्य विषय, म्हणजे घडीचे फोन, कोणत्या नटाने कोणाला अनफॉलो केले आणि चॅटजीपीटीला झाडीबोली येते का, हे किरकोळ असून त्यांचा निकाल लागल्याचा दाखला नाही. शेवटच्या विषयावर प्रयोग झाला होता. "काहून बे, का करून रायला?" या प्रश्नाला यंत्राने अत्यंत शुद्ध मराठीत, नमस्कारपूर्वक उत्तर दिले. ते ऐकून हा पुण्याचा आहे असे सर्वानुमते ठरले.

समारोपाची पद्धत अशी. ठेलेवाला दिवा एकदा बंद करून चालू करतो. कोणीही ठराव मांडत नाही. जो आधी गाडी सुरू करतो, त्याच्या माघारी उरलेले त्याच्याविषयी बोलतात, हे सर्वांना माहीत असल्याने कोणी आधी निघत नाही. मग पैशांचा विषय निघतो. क्यूआर कोड काचेवर चिकटवलेला असतो. त्यापुढे बातमीदार फोन धरतो, त्याचे नेट गेलेले असते. मालकाच्या बँकेचा सर्व्हर डाऊन असतो, ज्या फोनवर आताच तीन ट्रेलर सर्वोच्च दर्जात पाहून झाले तोच फोन. विरोधकाचा यूपीआयवर तत्त्वतः विश्वास नसतो. खिशात नोटा बाळगणारा एकच मागासलेला मनुष्य तिथे असतो, तो जाणकार. तो चौघांचे पैसे देतो, आणि सुट्ट्याऐवजी मिळालेली दोन चॉकलेटे घेऊन घरी जातो.