पिक्सेलपंडित

पिक्सेलपंडित स्वतः लॅपटॉप घेत नाही, दुसऱ्यांना घ्यायला लावतो. नात्यागोत्यात कोणाची खरेदी ठरली की त्याला बोलावणे जाते. दुकानात शिरल्यावर रंग, वजन, बॅटरी यांच्याकडे तो ढुंकूनही पाहत नाही. खोक्याच्या कडेला छापलेल्या दोन आकड्यांमधली फुली शोधतो. आडवे ठिपके किती आणि उभे किती, एवढ्यावर त्याचे मत ठरते.

स्थळ बघायला गेलेल्याने घराण्यापासून सुरुवात करावी, तशी त्याची सुरुवात व्हीजीएपासून होते. १९८७ साली आयबीएमच्या पीएस/२ संगणकांबरोबर आलेले ६४० × ४८० हे मूळपुरुष. पुढच्या पिढीत एक्सजीए, १०२४ × ७६८. मग पडदा रुंद झाला, नावापुढे डब्ल्यू लागला. ठिपके आणखी वाढले तेव्हा मध्ये यू शिरला आणि डब्ल्यूयूएक्सजीए झाले, म्हणजे १९२० × १२००. ही वंशावळ तो एका दमात म्हणतो. विक्रेता तोवर दुसरे गिऱ्हाईक आटपतो.

त्याचा खरा राग १३६६ × ७६८ वर. एक्सजीएची ७६८ उंची तशीच ठेवून पडदा सोळास नऊ या प्रमाणात ताणला, तर रुंदी येते १३६५ आणि वर एक तृतीयांश ठिपका. तृतीयांश ठिपका कोणी बनवत नाही, म्हणून १३६६. असल्या हिशेबावर कितीतरी वर्षे स्वस्त लॅपटॉप विकले गेले आणि खोक्यावर ‘एचडी’ छापले गेले, हे तो ओळखपाळख नसलेल्या गिऱ्हाइकांनाही थांबवून सांगतो.

फोर-के हा त्याचा दुसरा विषय. फुल एचडीतला १०८० हा आकडा उंचीचा; फोर-के मात्र रुंदीवरून, आणि तीही पुरती चार हजार नाही, ३८४०. सिनेमावाल्यांचे फोर-के ४०९६ चे, ते वेगळेच. काल वारावर विकलेले कापड आज पन्ह्यावर विकायला काढावे, तसा हा प्रकार. या मुद्द्यावर पंडिताशी वाद घालता येत नाही, कारण तो बरोबर असतो.

इंचाला किती ठिपके, हेही तो पायथागोरसला वेठीस धरून मोबाइलवर काढतो. फुल एचडीचे तेच १९२० × १०८० ठिपके साडेपंधरा इंची लॅपटॉपवर इंचाला १४० च्या वर भरतात, चोवीस इंची मॉनिटरवर जेमतेम ९२. खोक्यावर दोन्हीकडे नाव एकच. मॉनिटर घेणाऱ्याने एवढे एक गणित त्याच्याकडून जरूर शिकून घ्यावे.

शेवटी त्याच्या सल्ल्याने निवृत्त काका साडेपंधरा इंची फोर-के लॅपटॉप घरी आणतात. विंडोजचे स्केलिंग पंडिताने ‘खरे रिझोल्यूशन दिसू दे’ म्हणून शंभर टक्क्यांवर ठेवलेले असते, त्यामुळे अक्षरे मोहरीएवढी. पासबुक वाचायच्या भिंगाने दोन दिवस कारभार चालतो. तिसऱ्या दिवशी पंडित येऊन स्केलिंग दोनशे टक्के करतो. आता पडद्यावर मजकूर मावतो तो नेमका १९२० × १०८० एवढाच. ‘पण अक्षरांची धार बघा, काका,’ असे तो म्हणतो, आणि धार खरोखरच वाढलेली असते. काका पावती बघत असतात.

पंडिताचा स्वतःचा लॅपटॉप ऑफिसने दिलेला असतो. १३६६ × ७६८.