भिंत थांबेना

आमच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट ठरलं त्याला सहा वर्षं झाली. कोथरूडमध्ये ही काही बातमी नव्हे. इथे ज्या सोसायटीचं ठरलेलं नाही तिच्याकडे लोक जरा काळजीने बघतात. यंदा मात्र नव्या फ्लॅटचा नकाशा चक्क हातात पडला. बेडरूममध्ये पलंगही काढलेला होता. त्यावर झोपायला घरात कोणीतरी इयत्ता दुसरीत असणं आवश्यक होतं.

"आपलं कपाट बसतंय का ते आधी बघा," ही म्हणाली.

पुण्यातल्या पुण्यात राहून फक्त फोनवर भेटणाऱ्या भाचीने लॅपटॉपवर स्वीट होम थ्रीडी नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर घालून दिलं होतं. "मामा, सोपंय. भिंती काढायच्या, सामान ठेवायचं."

लॅपटॉपच्या गुळगुळीत पट्टीवर बोट घासून एक भिंत काढली. ती शेवग्याच्या शेंगेसारखी दिसत होती. म्हणून तापकीर गल्लीत माउस आणायला गेलो. "गेमिंगसाठी हवाय का?" दुकानदाराने विचारलं. म्हटलं, भिंती बांधायच्यात. "मग दोनशेवाला चालेल," म्हणत त्याने गेमिंगवाले माउस पुन्हा कपाटात ठेवले.

घरी आल्यावर कळलं, दोनशेवाला माउस काचेच्या टेबलावर चालत नाही. खालून प्रकाश टाकून तो पृष्ठभाग बघतो, आणि स्वच्छ काचेत त्याला बघण्यासारखं काही सापडत नाही. मग गेल्या वर्षीच्या कालनिर्णयाचं एक पान खाली घातलं. संकष्टीपासून अमावास्येपर्यंत बाण सुरळीत फिरू लागला.

खरी अडचण पुढेच होती. आयुष्यभर रेघ म्हणजे पेन्सिल टेकवायची आणि ओढत न्यायची. तसंच बटण दाबून ओढलं आणि बोट उचललं. भिंत सुटेना. बाण जाईल तिकडे ती मागोमाग. चहाच्या कपाकडे हात नेताना माउसला धक्का लागला, तर हॉलची भिंत नकाशाबाहेर पडून स्वारगेटच्या दिशेने निघाली. भाचीला फोन केला. "मामा, संपवायला डबल क्लिक करा." केलं. पण माझ्या दोन टिचक्यांमध्ये एक विचार होतो. विंडोजमध्ये अर्ध्या सेकंदाच्या आत दुसरी टिचकी पडली नाही, तर ते डबल क्लिक धरलंच जात नाही. त्यामुळे मी जितक्या वेळा भिंत संपवायला गेलो, तितक्या वेळा तिथून नवी सुरू झाली. शेवटी एस्केप दाबून मी बांधकामस्थळावरून पळ काढला.

कॅलिफोर्नियात 1964 साली डग्लस एंगलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी पहिला माउस केला, तो लाकडी खोका होता, खाली दोन चाकं. म्हणजे मुळात ही सुताराचीच वस्तू. सुतारकामात मला शाळेतही पस्तीसच मार्क होते.

ही मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "अहो, ओढताय कशाला? ठिपका द्या, सोडा, पुढचा ठिपका द्या. रेघ आपली आपण येतेय की." आणि खुर्चीवर बसून तिने टिक, टिक, टिक, टिक करत एका दमात स्वयंपाकघर बंद केलं. चाळीस वर्षं ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बाईला हे कोणी शिकवायचं? मला मात्र कोणी सांगितलं नव्हतं की ही चित्रकला नसून रांगोळी आहे.

त्यानंतर माझी गाडी रुळावर आली. बाण सरळ दिशेच्या जवळ नेला की भिंत पंधरा-पंधरा अंशांच्या टप्प्यावर खटकन बसते. ते नको असेल तर शिफ्ट दाबून धरायची. आणि सगळ्यात मोठा शोध म्हणजे भिंत चालू असताना एंटर दाबायचं आणि लांबी सरळ टाईप करायची. नऊ फूट नऊ इंच म्हणजे नऊ फूट नऊ इंच, हात कितीही थरथरो. दिशा माउसने, माप बोटांनी. आधी मात्र सेंटिमीटरचं फूट-इंच करून घ्या. मी ते विसरल्यामुळे आमचं पहिलं बाथरूम काडेपेटीएवढं झालं होतं.

खोली चहूबाजूंनी बंद झाली की आत दोन टिचक्या मारायच्या, क्षेत्रफळ हजर. बेडरूमचं काही येईना. कंट्रोल दाबून माउसचं चाक फिरवत जवळ जाऊन पाहिलं, तर कोपऱ्यात दोन भिंती भेटल्याच नव्हत्या. मधून खरा उंदीर सहज गेला असता.

सगळ्या खोल्यांची बेरीज कागदावरच्या कार्पेट एरियापेक्षा कमी भरली. मी लगेच तक्रारीचा मसुदा लिहायला घेतला. या बाबतीत माझी टिचकी जलद पडते. निवृत्त ड्राफ्ट्समन असलेल्या मेहुण्यांनी तो वाचला. ट्रेसिंग पेपरवरची चुकलेली शाईची रेघ ब्लेडने खरवडण्यात त्यांची हयात गेली. कंट्रोल झेड बघून ते एकदा मिनिटभर गप्प बसले होते. "2016 च्या रेरा कायद्यात आतल्या भिंतींची जागाही कार्पेटमध्येच धरतात," ते म्हणाले. "बाहेरच्या भिंती नाहीत. तू आतल्या सोडल्यास." साडेचार इंची भिंती धरल्या, हिशोब जुळला. सहा वर्षांत प्रथमच कोणाशी भांडता येईल असं काही हाती लागलं होतं, तेही गेलं.

राहिलं कपाट. खोली 9 फूट 9 इंच. पलंग डोक्याकडच्या फळीसकट 6 फूट 11 इंच, कपाट 19 इंच खोल. मध्ये उरतात 15 इंच, आणि कपाटाचं एक दार आहे 18 इंचांचं. मी माउसने पलंग चारही दिशांना फिरवला. ही बघत राहिली आणि म्हणाली, "राहू द्या."

तरी लोखंडी कपाट देणे आहे. उंची साडेसहा फूट, रुंदी तीन फूट, आरसा शाबूत. मापं पक्की आहेत, पुन्हा विचारू नयेत. लिफ्ट नाही, तीन मजले उतरवण्याची व्यवस्था घेणाऱ्याने करावी.