चालेल ना, न चालायला काय झालं!

दिवाळीच्या सुट्टीत भाचा पुण्याला आला, तो चपला काढायच्या आत लॅपटॉपपाशी पोचला. पाठीवरची सॅक तशीच. "मामा, ह्यावर व्हॅलोरंट चालेल का?"

मराठीतला 'चालेल' हा शब्द मोठा बेरकी आहे. आमटीत मीठ कमी पडलं तरी चालेल, मुंजीला हॉल लहान मिळाला तरी चालेल, पाहुण्यांना चटईवर झोपवलं तरी चालेल. त्याच सवयीने मी म्हणालो, "चालेल की!" पुढचे दहा दिवस या एका शब्दाने मला नाचवलं.

लॅपटॉप आमच्या सोसायटीचा. मी खजिनदार, म्हणून मुक्काम माझ्याकडे. 2018 साली घेतलेला, आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, 8 जीबी रॅम. वृत्तीने पक्का हिशेबनीस. या यंत्राने आयुष्यात काढलेलं सर्वांत अवघड चित्र म्हणजे पाण्याच्या टँकरवरच्या खर्चाचा पाय चार्ट, आणि तोही काढताना ते क्षणभर थबकलं होतं. खर्चाचा आकडा बघून थबकलं असेल, असं तेव्हा मला वाटलं.

भाच्याने फोनवर खेळाच्या किमान अटी काढल्या. 4 जीबी रॅम, 2008 च्या सुमाराचा कोअर टू ड्युओ प्रोसेसर, इंटेल एचडी 4000 ग्राफिक्स. एवढ्यावर सेकंदाला 30 चित्रं मिळतील म्हणे. आमचं स्थळ सगळ्याच बाबतीत सरस. छत्तीसच्या छत्तीस गुण जुळले! ज्यांच्या घरात असे छत्तीस गुण जुळलेले संसार आहेत, त्यांना पुढचं सांगायला नको.

आधी तर दारातच अडवणूक. विंडोज 11 असेल तर टीपीएम आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी चालू असल्याशिवाय हा खेळ उघडतच नाही. भाच्याने बायॉसमध्ये शिरून खटपट केली तेव्हा कुठे प्रवेश मिळाला. आमच्या वॉचमनने इतकी चौकशी कधी कुणाची केलेली नाही.

खेळ सुरू झाला. पाच विरुद्ध पाच, तेरा फेऱ्या आधी जिंकेल तो राजा. पडद्याच्या कोपऱ्यात एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं त्याचा, आकडा होता 48. भाचा खूश. आठव्या मिनिटाला पंखा बोलू लागला. आधी गुणगुणला, मग घोंघावला, मग आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "अरे, मिक्सर कोणी लावलाय?" आकडा 41 वर आला, मग 33, मग 26. तेवढ्यात समोरून हार्बर आला. हार्बर हे या खेळातलं भारतीय पात्र. अंगात पाण्याची विद्या, हात फिरवला की पाण्याच्या भिंती उभ्या राहतात. सोसायटीत दिवसाआड टँकर आणि हा पठ्ठ्या पाण्याच्या भिंती बांधतोय! त्या भिंती रंगवता रंगवता लॅपटॉपला ग्लानी आली. आकडा 14. भाचा बंदूक रोखून उभा होता, पण फक्त त्याच्या मनात. पडद्यावर तो अजून वळत होता. वळून झालं तेव्हा तो मेलेला होता.

"मामा, फ्रेम ड्रॉप होतायत!"

सेकंदाला 60 चित्रं काढायची तर एका चित्राला जेमतेम 16-17 मिलिसेकंद मिळतात. आमचा हिशेबनीस एकेका चित्राला सत्तर लावत होता. बहुधा प्रत्येक चित्राची दोनदा बेरीज करून घेत असावा.

मग घरगुती उपचार. पाण्याच्या बाटल्यांची चार झाकणं लॅपटॉपच्या चार कोपऱ्यांखाली ठेवली, शेजारी टेबल फॅन लावला. झाकणांनी तीन फ्रेम वाढल्या. टेबल फॅनने फक्त टँकरची बिलं उडाली.

शेवटी स्कूटरवर पुढे लॅपटॉप, मागे भाचा असं दुरुस्तीसाठी तपकीर गल्लीत गेलो. दुकानातल्या पोराने मागचं झाकण उघडलं आणि पंख्याच्या जाळीतून करड्या धुळीचा चांगला बोटभर जाड नमदा चिमट्याने ओढून काढला. "काका, ह्यात एक उशी भरून होईल." प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून जुन्या भिंतीच्या चुन्यासारखी झाली होती, ती त्याने खरवडली. खरवडता खरवडता तो जे बोलला ते मला कुठल्याही जाहिरातीने सांगितलं नव्हतं. या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. चित्रं काढणारा भाग प्रोसेसरच्याच पोटात, आणि त्याची स्वतःची मेमरी नाही, रॅममधून उसनी घ्यायची. दोघांना मिळून वीज किती? 15 वॅट. माझ्या हॉलमधली ट्यूब 20 वॅटची आहे. खेळासाठी बनवलेल्या यंत्रात नुसतं कार्डच शंभर-दीडशे वॅट सहज खातं. त्यात प्रोसेसर शंभर अंशांच्या घरात तापला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. म्हणजे आपल्याकडचं नियमानुसार काम आंदोलन. संप नाही, पण काम होत नाही.

"आणि रॅमची पट्टी एकच आहे. एकेरी रस्ता. दुसरी टाकली की दोन लेन होतील." पुण्यातल्या माणसाला रस्त्याचं उदाहरण दिलं की खिसा आपोआप उघडतो. 8 जीबीची दुसरी पट्टी घेतली.

"आता चालेल ना?" मी विचारलं.

"चालेल ना काका, न चालायला काय झालं. पळणार नाही."

घरी येऊन भाच्याने रिझोल्यूशन 1280 बाय 720 वर आणलं, सावल्या, चकाकी, नक्षीकाम सगळं किमान पातळीवर. पात्रांचे चेहरे ओल्या साबणासारखे दिसू लागले, पण आकडा सत्तरीत गेला आणि तिथेच राहिला. मिक्सर बंद.

तरीही गडी मरतच होता. हा दोष लॅपटॉपचा नव्हता, पिंगचा होता, म्हणजे सर्व्हरपर्यंत निरोप जाऊन परत यायला लागणाऱ्या मिलिसेकंदांचा. खेळाचा सर्व्हर मुंबईत, पुण्याहून हाकेच्या अंतरावर; पण वायफायचा राउटर बाहेर शोकेसमध्ये, गणपतीशेजारी, मध्ये दोन भिंती आणि एक गोदरेजचं कपाट. लाखाचं ग्राफिक्स कार्ड बसवलं असतं तरी ते कपाट हललं नसतं. हॉलमधून पंधरा मीटर लॅन केबल ओढली, पिंग शंभरावरून बारावर आला. केबलला दोनदा अडखळून आई म्हणाली, "राहू दे, चालेल."

हुरूप येऊन भाच्याने काउंटर-स्ट्राइक 2 हा दुसरा खेळसुद्धा उतरवून घेतला. त्याला 85 जीबी जागा लागते. त्यातला धूर बंदुकीच्या गोळीने फाटतो आणि पुन्हा भरून येतो, ही 2023 मधली नवी करामत. पहिला धूर सुटला आणि लॅपटॉप उभ्याउभ्या थिजला. तो विषय आम्ही तिथेच मिटवला.

तेव्हा ज्यांच्याकडे असा हिशेबी लॅपटॉप आहे त्यांना माझा निकाल असा: धूळ काढा, दुसरी पट्टी टाका, तार ओढा, व्हॅलोरंट चालेल. काउंटर-स्ट्राइकच्या नादी लागू नका.

आणि आमच्या सोसायटीतल्या कुणाच्या हाती हा लेख पडलाच तर एक विनंती. रॅमची पट्टी मी स्वतःच्या खिशातून घातली आहे, पावती माझ्याकडे आहे, वार्षिक सभेत हा विषय काढू नये.